घरात उंदीर शिरलाय: पिंजरा, चाप, चिकट पुठ्ठा की विष?

रात्री ओट्याखाली खुडबुड ऐकू आली की दुसऱ्या दिवशी दुकानात दिसेल ते उचलून आणलं जातं. त्याआधी टॉर्च लावून लेंड्या बघा. तांदळाच्या दाण्याएवढ्या, टोकदार असतील तर घरातला छोटा उंदीर. सेंटिमीटरभर किंवा त्याहून मोठ्या असतील तर मोठा उंदीर किंवा घूस. आणि लांब सोंडेसारख्या तोंडाची, उग्र वासाची चिचुंद्री असेल तर ती उंदरांतली नव्हेच. ती झुरळं खाते. दार उघडून बाहेर हाकलली की काम झालं.

लहान मुलं किंवा मांजर असलेल्या घरात मी आधी पिंजराच सांगेन. फक्त बऱ्याच पिंजऱ्यांच्या तारा इतक्या विरळ असतात की छोटा उंदीर खोबरं खाऊन तारांमधूनच निघून जातो. घेताना तारांमध्ये पेन्सिल घालून बघा. ती आत जात असेल तर बारीक जाळीचा मागा. मोठा उंदीर नव्या वस्तूला बिचकतो. त्याच्यासाठी पिंजऱ्याचं दार तीन-चार रात्री बांधून उघडं ठेवा, आत भजी किंवा बोंबलाचा तुकडा ठेवा, खायची सवय लागू द्या आणि मगच खटका लावा. सापडलेला उंदीर वस्तीपासून लांब सोडावा लागतो. पुष्कळ घरांत पिंजरा बादलीत बुडवतात, ते फार क्रूर आहे. मारायचाच असेल तर चाप बरा.

चाप स्वस्त असतो आणि नीट बसला तर उंदीर क्षणात मरतो. मात्र छोट्या चापात मोठा उंदीर नुसता जखमी होतो, म्हणून माप बघून घ्या. उंदीर भिंतीच्या कडेनं पळतो, तेव्हा चाप भिंतीला काटकोनात आणि आमिषाची बाजू भिंतीकडे ठेवायची. आमिष शेंगदाण्याएवढंच लावा. छोटा उंदीर बिळापासून फार लांब जात नाही. एक चाप खोलीच्या मध्ये ठेवण्यापेक्षा दोन-तीन चाप त्याच्या वाटेवर ठेवलेले चांगले. रांगतं मूल असेल तर चाप नकोच.

चिकट पुठ्ठा मी एकदाच आणला. पहाटे बघितलं तर उंदीर जिवंत होता. पुढचे दोन्ही पाय आणि एक गाल चिकटलेला, आणि सुटण्याच्या धडपडीत कातडी सोललेली. असे तासन् तास हाल कुठल्याच जिवाचे होऊ नयेत. यात पालीही चिकटतात. हा पुठ्ठा घेऊ नका.

विषाच्या वड्या सोप्या वाटतात. त्यांतल्या ब्रोमॅडिओलोन या विषानं रक्त गोठणं थांबतं आणि उंदीर काही दिवसांनी मरतो. ‘पाणी प्यायला बाहेर जाऊन मरतो’ असं दुकानात सांगतात, पण तसं होत नाही. तो बिळात, माळ्यावर, कुठेही मरतो. आमच्याकडे कपाटामागे मेला होता; कपाट सरकवेपर्यंत आठवडाभर खोलीत बसवत नव्हतं. झिंक फॉस्फाइड या दुसऱ्या उंदराच्या विषामुळे पोटात विषारी वायू तयार होतो आणि पिवळ्या फॉस्फरसच्या पेस्टनं यकृत निकामी होतं. या दोन्हींवर उतारा नाही. मुलांच्या घरात ही विषं आणूच नका. चुकून कुणाच्या पोटात गेलंच तर त्रास सुरू व्हायची वाट न बघता पाकीट घेऊन रुग्णालय गाठा. ब्रोमॅडिओलोनवर तिथे व्हिटॅमिन के-१ देतात.

पण यातलं काहीही केलं तरी भोक उघडं असेल तर महिनाभरात पुन्हा तेच. मादी साधारण २० दिवसांत विते, आणि छोट्या उंदराला ६ मिलिमीटरची फट पुरते. बेसिनचा पाइप भिंतीत शिरतो ती जागा, गॅसच्या नळीचं भोक, मोरीची जाळी, दाराखालची फट, सगळं तपासा. भोकात भांडी घासायची तारेची घासणी कोंबा आणि वरून सिमेंट लावा. नुसता कापडाचा बोळा तो एका रात्रीत कुरतडतो. पीठ-डाळी घट्ट झाकणाच्या डब्यांत ठेवा. लेंड्या कोरड्या झाडू नका. हातमोजे घालून, ब्लीचच्या पाण्यानं भिजवून पुसा.

मग भिंतीच्या कडेनं रांगोळीचा पातळ थर पसरून झोपा. सलग चार सकाळी त्यावर पावलं उमटली नाहीत की पिंजरा माळ्यावर टाका.