सुनेच्या माहेरची वंशावळ आणि माँट्रियलची ‘पीआरडीएच’ सेवा

आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती दादरला तयार होत आहे. तिच्यासाठी एका सुनेच्या माहेरची माहिती जमवण्याचे काम माझ्याकडे आले. ती कॅनडाच्या क्युबेक प्रांतातील फ्रेंच भाषक कुटुंबातली आहे. तिची मातृवेल मला मुंबईत बसून सतराव्या शतकापर्यंत नेता आली, आणि त्याचे बरेचसे श्रेय माँट्रियल विद्यापीठाच्या ‘पीआरडीएच’ (ऐतिहासिक लोकसंख्याशास्त्र संशोधन कार्यक्रम, फ्रेंच नावाची आद्याक्षरे) या ऑनलाइन नोंदसंग्रहाला आहे.

विद्यापीठातील लोकसंख्येच्या इतिहासाच्या अभ्यासकांनी हा प्रकल्प १९६६ मध्ये हाती घेतला. क्युबेकमधील १६२१ ते १८४९ या काळातील कॅथलिक बाप्तिस्मे, विवाह आणि दफने त्यात आहेत. नुसत्या नोंदींचे संग्रह इतरही आहेत. येथे मात्र अभ्यासकांनी विखुरलेल्या नोंदी एकमेकींशी ताडून त्यांतून एकेक कुटुंब पुन्हा उभे केले आहे. एखाद्या दांपत्याचे पान उघडले की विवाहाची तारीख, दोघांचे आईवडील आणि अपत्ये एकत्र दिसतात, आणि तेथूनच मागच्या पिढीच्या पानावर जाता येते.

हे साधले ते मूळ वह्यांच्या शिस्तीमुळे. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या १६६७ च्या आदेशाने चर्चच्या नोंदवह्या दोन प्रतींत ठेवणे बंधनकारक झाले, आणि पुढे ही फ्रेंच वसाहत ब्रिटिशांच्या हाती गेली तरी पाद्र्यांनी नोंदी करणे थांबवले नाही. वसईच्या किंवा वांद्र्याच्या चर्चमधील जुन्या वह्या ज्यांनी चाळल्या असतील त्यांना बाप्तिस्म्याच्या नोंदीचे स्वरूप ओळखीचे वाटेल. विवाहाच्या नोंदीत बहुधा दोन्हीकडच्या आईवडिलांची नावे असतात, फ्रान्समधून आलेल्या व्यक्तीचे मूळ गाव असते, आणि वधूवरांत जवळचे रक्ताचे नाते असल्यास धर्मसत्तेने दिलेल्या सवलतीचा उल्लेखही असतो. सपिंड नात्याचा विचार करणाऱ्या आपल्या लोकांना त्यामागची काळजी सहज समजेल.

मला सर्वांत मोलाची वाटली ती गोष्ट अशी की, विवाहानंतरही स्त्री या वह्यांमध्ये माहेरच्याच आडनावाने राहते. आपल्या कुलवृत्तांतांत लेक सासरी गेली की तिची शाखा तेथेच थांबते आणि सून अनेकदा बदललेल्या नावाने येते, त्यामुळे आईच्या आईची आई शोधणे जवळजवळ अशक्य होऊन बसते. येथे ती वाट मोकळी आहे. १६६३ ते १६७३ या दशकात फ्रान्सच्या राजाने आपल्या खर्चाने सुमारे ८०० तरुणी या वसाहतीत विवाहासाठी पाठवल्या. १६६६ च्या जनगणनेत वसाहतीची लोकसंख्या अवघी ३,२१५ भरली होती, हे लक्षात घेतले म्हणजे त्या स्त्रियांचे महत्त्व कळते. आमच्या सुनेची मातृवेल त्यांच्यापैकीच एकीपाशी पोहोचते, आणि कुलवृत्तांतात तिला स्वतंत्र पान मिळावे असा माझा आग्रह आहे.

नवख्या माणसाला अडचण येते ती दुहेरी आडनावांची. १६६५ मध्ये आलेल्या कॅरिन्यान-सालिएर पलटणीतील सैनिकांना टोपणनावे असत, आणि इतर घराण्यांतही मूळ आडनावाला ‘दित’ (म्हणजे ‘उर्फ’) या शब्दाने दुसरे नाव जोडण्याची रीत होती. पुढे एक भाऊ पहिले नाव लावी, दुसरा भाऊ दुसरे. संग्रहात नावांची प्रमाण रूपे ठरवलेली असल्याने हा गुंता बराच सुटतो, तरी दोन्ही नावांनी शोध घेणे श्रेयस्कर.

सेवा इंग्रजी आणि फ्रेंचमध्ये आहे. शुल्क मुख्यतः पाहिलेल्या नोंदींच्या हिशेबाने आकारले जाते, म्हणून नावे व अंदाजी वर्षे आधी कागदावर मांडून मगच शोधाला बसावे. १८४९ नंतरच्या पिढ्यांसाठी दुसरीकडे जावे लागते. १८४९ पासून मागे जाताना मी प्रत्येक पिढीचा विवाह आधी शोधला, कारण एका विवाहाच्या नोंदीतून दोन घराणी हाती लागतात. अगदी आरंभीच्या काळात मात्र सावध राहावे: १६४० मध्ये क्युबेक शहरातील चर्चला लागलेल्या आगीत तेथील वह्या जळाल्या आणि त्या नोंदी नंतर स्मरणाने लिहून काढाव्या लागल्या.

किंमत मला योग्य वाटली. तरीही छापण्यापूर्वी मूळ वहीचे पान पाहणे आवश्यक आहे, आणि क्युबेकच्या कॅथलिक वह्यांची छायाचित्रे ‘फॅमिलीसर्च’ या वंशावळीच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. वधूला किंवा साक्षीदाराला सही करता येत नसल्याचा पाद्र्याचा शेरा अशा पानांवर वाचायला मिळतो; आमच्या आवृत्तीत तोही तपशील घेतला जाणार आहे.