गोव्यात कुक-केअरटेकरसकट व्हिला घेताय? पैसे भरण्याआधी हे वाचा

गोव्यात व्हिला घ्यायचा म्हटलं की सगळे आधी फोटो बघतात, पूल बघतात, खोल्या मोजतात. आमच्या बाबतीत त्यात काहीच खोट नव्हती. घर होतं, पूल होता, फोटोत दाखवलेला झोपाळासुद्धा होता. आम्हाला लुबाडलं ते तिथल्या कामाच्या माणसांच्या नावावर. कुकच्या नावाने पैसे घेतले, केअरटेकरच्या नावाने घेतले, साफसफाईच्या नावाने घेतले आणि त्यातला एक रुपया त्या माणसांपर्यंत पोचला नाही. सुट्ट्या जवळ आल्यात, अनेक कुटुंबं आजी-आजोबांना घेऊन असंच घर शोधत असतील, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

आधी ही व्यवस्था कशी चालते ते सांगते, कारण गोम तिथेच आहे. आसगाव, शिवोली, साळगाव, हळदोणे ही बार्देश तालुक्यातली गावं. कळंगुट-बागाच्या गर्दीपासून थोडी आत, झाडीत. इथल्या बऱ्याच व्हिलांचे मालक दिल्ली-मुंबई-बंगळुरात राहतात. घर ते एखाद्या चालवणाऱ्याकडे सोपवतात. हा चालवणारा एकाच वेळी अनेक घरं बघतो, जाहिरात करतो, बुकिंग घेतो, माणसं ठेवतो. म्हणजे घर एकाचं, पैसे दुसऱ्याकडे आणि तुमच्यासमोर उभा असतो तो तिसराच, ज्याच्या हातात काहीच नसतं. ज्याच्याशी भांडायचं तो कधी दिसत नाही.

आमचं बुकिंग इन्स्टाग्रामवरच्या जाहिरातीवरून झालं. पाच बेडरूम, खासगी पूल, 'कुक, केअरटेकर, हाउसकीपिंग समाविष्ट'. भाडं रात्रीला २८,००० रुपये, जूनची सुरुवात असल्यामुळे कमी केलेलं. शिवाय ॲपवरून न घेता थेट घेतलं तर आणखी सवलत. भाड्यावर १८ टक्के जीएसटी, त्याशिवाय १० टक्के 'स्टाफ वेलफेअर' आणि २५,००० रुपये डिपॉझिट, चेकआउटनंतर ४८ तासांत परत देण्याच्या बोलीवर. निम्मे पैसे बुकिंगच्या वेळी, उरलेले पोचायच्या आदल्या दिवशी. सगळं यूपीआयने, एका व्यक्तीच्या नावाच्या खात्यावर.

पोचलो तेव्हा पाऊस कोसळत होता. मुलं भुकेलेली, सासूबाईंचे गुडघे प्रवासाने धरलेले. चहा टाका म्हटलं, तर केअरटेकर खाली मान घालून म्हणाला, "ताई, किचन वापरायचं तर दिवसाला अडीच हजार. आणि जेवणाचे माणशी वेगळे." मी चालवणाऱ्याला फोन लावला. त्याचं उत्तर शब्दशः असं होतं: "मॅडम, कुक इन्क्लुडेड आहे. किचन नाही." कुकला तुम्ही स्वयंपाकघराबाहेर उभं करून जेवण करून घेणार आहात का, असं विचारल्यावर त्याने फोन ठेवला. या धंद्यातला खरा डाव कळतो तो या क्षणी. सगळे पैसे तुम्ही आधीच भरलेले असतात, बाहेर पाऊस असतो, सोबत म्हातारी माणसं आणि लहान मुलं असतात. 'नाही' म्हणायची ताकद तुमच्याकडे उरू नये अशी वेळ साधूनच हे आकडे सांगितले जातात. बुकिंगच्या वेळी हेच सांगितलं असतं तर कुणीही दुसरं घर बघितलं असतं.

किराणा आणि बाजार केअरटेकर आणणार आणि वहीत लिहिणार, असं ठरलेलं होतं. ती वही मात्र बघण्यासारखी होती. माझे सासरे वर्षानुवर्षं आमच्या गृहनिर्माण सोसायटीचे हिशेब तपासत आले आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी वही मागून घेतली आणि ओसरीवर बसून पानं उलटली. आमच्या पानावर पहिलीच नोंद होती 'गॅस सिलिंडर, कमर्शियल, १९ किलो: १,८५०'. ते उठून स्वयंपाकघरात गेले. ओट्याखाली सिलिंडर होता लाल, घरगुती, १४.२ किलोचा. कमर्शियल १९ किलोचा सिलिंडर निळा असतो. मग त्यांनी वहीची मागची पानं बघितली. आमच्या आधीच्या पाहुण्यांच्या पानावरही तीच नोंद, तोच आकडा. त्यांच्याही आधीच्यांच्या पानावर तीच. तांदूळ पाच किलो, तेल दोन लिटर, साखर दोन किलो, प्रत्येक पानावर त्याच ओळी. कपाटात तेलाची पिशवी अर्धी वापरून रबर लावून ठेवलेली होती आणि आमच्या बिलात ती अख्खी लागली होती. सासऱ्यांनी सगळ्या पानांचे फोटो काढून ठेवले. ते पुढे फार उपयोगी पडले.

मासळीचंही तसंच. बिलात 'ताजी इसवण' १,६०० रुपये किलोने लावलेली. गोव्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. खोल समुद्रातली सुरमई, म्हणजे गोव्यातली इसवण, त्या दिवसांत येते ती बहुतेक बाहेरून, बर्फात. ती खाण्यात वाईट काही नाही, पण ताज्याच्या भावाने ती घ्यायची काही गरज नाही. पावसाळ्यात जाणार असाल तर खाडीतले तिसरे म्हणजे शिंपले, लहान होडीवाल्यांची थोडीफार मासळी, सुकी सुंगटं म्हणजे कोळंबी असं मागा आणि शक्यतो म्हापशाच्या बाजारात स्वतः जा. आसगावहून म्हापसा अगदी जवळ आहे. आम्ही पुढचा सगळा बाजार तिथूनच केला आणि रोजचा खर्च निम्म्याहून खाली आला.

स्वयंपाकाच्या मावशी बांद्याजवळच्या. सिंधुदुर्गातली कितीतरी माणसं अशीच कामाला गोव्यात येतात. त्यांच्या हातचं तिसऱ्यांचं सुकं आणि सोलकढी माझी मुलं अजून मागतात. वहीचे फोटो काढताना त्यांनी बघितलं आणि संध्याकाळी भांडी पुसता पुसता मला हळूच म्हणाल्या, "वयनी, ह्यो सिलिंडर म्हयन्याचो आसा. आदल्या पावण्यांकडसून पण हेचे पैशे घेतले." मी त्यांना स्टाफ वेलफेअरच्या १० टक्क्यांबद्दल विचारलं. त्यांनी तो शब्दच कधी ऐकला नव्हता. "माका दोन म्हयने पगार गावूक नाय," त्या म्हणाल्या. केअरटेकरची कथा वेगळी नव्हती. तो मुलगा ओडिशाचा, पंपाच्या खोलीशेजारी झोपणारा. वहीतले आकडे त्याला फोनवरून सांगितले जायचे आणि तो लिहायचा.

इथे एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. अशा घरात फसवणूक झाली की राग निघतो तो समोरच्या माणसावर. माझ्या दिरांनीही पहिल्या रात्री त्या मुलाला फैलावर घेतलं होतं. तसं करू नका. ज्यांनी तुम्हाला लुटलं त्यांनीच या माणसांनाही लुटलेलं असतं. माणुसकीचा भाग बाजूला ठेवला तरी त्या घरात खरं काय चालतं हे तुम्हाला सांगू शकणारी तीच दोन माणसं असतात. बक्षिसी द्यायची तर ज्याची त्याच्या हातात द्या, बिलात मिसळू नका. हॉटेल-रेस्टॉरंटांनी बिलात आपोआप सर्व्हिस चार्ज लावू नये, अशा केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचना जुलै २०२२ पासून आहेत आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या उचलून धरल्या. तीच वसुली वेगळं नाव देऊन कुणी करत असेल तर लेखी विचारा: हे पैसे कुणाला, कधी, कसे देता?

पूलबद्दल थोडक्यात. घरात माणसं आहेत म्हणजे पोरांवर लक्ष ठेवायला कुणीतरी आहे, असं धरून चालू नका. आमच्या केअरटेकरला पोहता येत नव्हतं.

आता डिपॉझिट. निघताना त्या मुलाने सगळ्या खोल्या बघितल्या, 'ओके' म्हणाला, आम्ही किल्ल्या दिल्या. ४८ तास संपत आले तेव्हा व्हॉट्सॲपवर चालवणाऱ्याकडून एक फोटो आला. मागच्या ओसरीच्या सरकत्या काचेला आडवा तडा. दुरुस्ती २२,०००, उरलेले ३,००० परत करतो. फोटो मोठा करून बघितला. काचेपलीकडे अंगण दिसत होतं. चिऱ्याची भिंत कोरडी ठणठणीत, तिच्या पायथ्याशी गवत पिवळं पडलेलं, फरशीवर उन्हाची तिरीप. आम्ही होतो तेवढे दिवस आभाळ फाटलं होतं. आमच्या फोनमधल्या व्हिडिओत तीच भिंत भिजून काळी झालेली, शेवाळ धरलेली आणि तीच काच धड आहे. मी त्याला एवढंच लिहिलं की हा फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो कधी काढला ही माहिती त्यातून निघून जाते, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर राहते. तो फोटो पुन्हा आला नाही.

मग मी बिल काढून बसले. जीएसटी क्रमांक १५ अक्षर-अंकांचा असतो आणि त्यातले पहिले दोन अंक राज्याचे. महाराष्ट्राचे २७, गोव्याचे ३०. राहण्याच्या जागेवरचा कर ती जागा ज्या राज्यात आहे तिथला लागतो, म्हणून गोव्यातल्या घराचं थेट दिलेलं बिल ३० ने सुरू होणाऱ्या क्रमांकाचं हवं. आमच्या बिलावरचा क्रमांक ०७ ने सुरू होत होता, म्हणजे दिल्ली. जीएसटीच्या संकेतस्थळावर कुठलाही क्रमांक टाकून बघता येतो, लॉगिन लागत नाही. टाकला तर नाव भलत्याचंच आणि नोंदणी रद्द झालेली. नोंदणी नसलेल्याला कर गोळा करायचा अधिकारच नाही. म्हणजे भाड्यावर जे १८ टक्के घेतले ते सरकारच्या नावाने घेतले आणि चालवणाऱ्याच्या खिशात गेले. पैसे पाठवण्याआधी हा क्रमांक मागून तपासायला दोन मिनिटंही लागत नाहीत.

हे सगळं, वहीच्या पानांसकट, मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर १९१५ ला नोंदवलं आणि गोव्याच्या पर्यटन खात्याला ईमेल केला. पर्यटकांना भाड्याने देण्याच्या घराची नोंदणी गोव्यात १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली बंधनकारक आहे. तक्रारीची प्रत चालवणाऱ्याला पाठवली त्याच आठवड्यात डिपॉझिटचे २५,००० पूर्ण आले, सोबत एक अक्षर नाही. कराच्या नावाने घेतलेली रक्कम आणि 'वेलफेअर' मात्र आलेलं नाही. त्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगात जातो आहोत. गोव्याला खेटे घालावे लागत नाहीत. २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. पोचल्यावर घरच अस्तित्वात नाही असं निघालं, आणि तसंही होतं, तर मात्र वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. लवकर कळवलं तर पैसे पुढे सरकण्याआधी बँकेत अडवता येण्याची शक्यता असते.

आता आमच्या घरात नियम झाला आहे. पैसे देण्याआधी पर्यटन खात्याचं नोंदणी प्रमाणपत्र मागायचं आणि त्यावरचा पत्ता जाहिरातीतल्या घराशी जुळतो का ते बघायचं. मग कुकशी स्वतः फोनवर बोलायचं. कुठल्या वेळी येता, कितीजणांचं करता, गॅस-किराणा कोण भरतं, पगार कोण देतं. चालवणारा "ते मी बघतो, त्यांच्याशी कशाला बोलता" म्हणाला तर ते घर सोडून द्यायचं. आमच्या वहिनींनी नुकतंच शिवोलीत घर घेतलं तेव्हा तिथल्या कुकने फोनवरच सांगितलं की किचनचा वेगळा चार्ज नाही, बाजार तुम्ही आणा, न आणल्यास पावतीसह आणून देईन. तसंच झालं. चांगली घरं आहेत, पुष्कळ आहेत. पोचल्यावर केअरटेकरला सोबत घेऊन सगळ्या काचा, गाद्या, टीव्ही, पूलच्या फरशा यांचा व्हिडिओ काढा, त्याचा आवाजही त्यात येऊ दे. वहीचा हिशेब रोज रात्री करा, शेवटच्या सकाळी नाही. आणि ओळखपत्र म्हणून आधार मागितलं तर पहिले आठ अंक झाकलेलं मास्क्ड आधार द्या.

मावशींनी ते काम सोडलं. थकलेला पगार मागितला तेव्हा 'तू आमच्याकडे कामाला होतीस याचा काय पुरावा' असं त्यांना ऐकवलं गेलं. त्यांच्याकडे नेमणुकीचं पत्र नाही, बँकेत जमा झालेला पगार नाही, रोख मिळायचे. पण त्या वहीच्या शेवटच्या पानांवर महिनावार हजेरी होती आणि त्यांच्या नावापुढे त्यांच्याच हाताने केलेल्या सह्या. सासऱ्यांनी ती पानंही टिपली होती. त्यांची रंगीत छापील प्रत कुरिअरने बांद्याला गेली आणि मावशींच्या भाच्याने ती जोडून गोव्याच्या कामगार खात्याकडे अर्ज दिला आहे.