तडा गेलेली डिस्क: तीच चालवावी, दुसरी आणावी की डिजिटलकडे वळावं?

चवथीला डिचोलीला ताईकडे गेलो होतो. गणपतीवरची माटोळी बांधून हात धुतोय तोच भाचा गेमच्या डिस्कची डबी घेऊन आला. "मामा, ही आत घातली की नुसती घरघरते." डिस्क खिडकीपाशी उजेडात धरली. मधल्या भोकाच्या काठापासून केसाएवढी रेघ निघून दीडेक सेंटिमीटर बाहेर गेली होती. नख फिरवलं तर लागतही नव्हतं, पण डिस्क तिरकी केली की प्लास्टिकच्या आत चकाकायची. तो ओरखडा नव्हता, तडा होता. ताईला गेम खेळायचा नवा कन्सोल घ्यायचाच होता, म्हणून तिने विचारलं: ही दुरुस्त करून घेऊ, दुसरी आणू, की डिस्कचा नादच सोडून गेम डिजिटल, म्हणजे इंटरनेटवरून उतरवून घेऊ?

तडा भोकापासूनच का सुरू होतो, ते आधी सांगतो, कारण निर्णय त्यावरच आहे. डिस्क म्हणजे १२० मिलिमीटर व्यासाची, १.२ मिलिमीटर जाडीची पॉलिकार्बोनेटची चकती. हे प्लास्टिक चिवट असतं, पण काठावर बारीकशी खाच पडली की सगळा ताण तिथेच येतो. डबीतले मधले दात न दाबता बाहेरच्या कडेला धरून डिस्क उचकटली की ती धनुष्यासारखी वाकते आणि भोकाचा काठ ओढला जातो. रोज हेच झालं की एक दिवस खाच पडते. पुढे कन्सोलमध्ये डिस्क मिनिटाला हजारो फेरे घेते आणि फिरणाऱ्या चकतीत सगळ्यात जास्त ताण आतल्या काठावरच असतो. त्यामुळे रेघ दर वेळी थोडी पुढे सरकते.

आपल्याकडे यात पावसाची भर पडते. ओल्या हवेने पॉलिकार्बोनेट तडकत नाही, पण बंद कपाटात डिस्कवर बुरशी धरते. मग कोणी थिनरने पुसतो, कोणी पेट्रोलने, कोणी नेलपॉलिश काढायच्या पाण्याने. या द्रावणांनी ताण असलेल्या जागी जाळीसारख्या बारीक भेगा पडतात. साधं पाणी आणि मऊ सुती कापड पुरतं. भोकापासून कडेकडे सरळ पुसायचं, गोल नाही.

आता तीन वाटा.

तीच डिस्क चालवणं ही वाट मी बंदच धरतो. दुकानात घासून मिळतं ते ओरखड्यासाठी. डीव्हीडीत माहितीचा थर दोन पातळ चकत्यांच्या मध्ये, ०.६ मिलिमीटर आत असतो, म्हणून वरून घासायला वाव असतो. ब्ल्यू-रेमध्ये, म्हणजे प्लेस्टेशनच्या पीएस३, पीएस४, पीएस५ आणि एक्सबॉक्स वनपासून पुढच्या डिस्कांत, तो वाचायच्या बाजूने जेमतेम ०.१ मिलिमीटरवर असतो. तिथे घासणंच धोक्याचं आणि तड्यावर त्याचा उपयोग शून्य. फेविक्विक लावू नका: त्याच्या वाफेने पृष्ठभाग धुरकट होतो, वजनाचा तोल जातो आणि डिस्क थरथरते. भोकाभोवतीच्या पारदर्शक कड्यात माहिती नसते, म्हणून छोटा तडा असतानाही गेम काही दिवस चालतो आणि माणूस फसतो. डिस्क आत फुटली तर तुकडे वाचनाच्या भिंगावर जातात, मग डिस्कच्या पैशांवर ड्राइव्हचे, म्हणजे डिस्क वाचणाऱ्या भागाचेही पैसे. भाच्याची डिस्क मी त्याच दिवशी बाजूला काढायला लावली.

दुसरी जुनी डिस्क आणणं बऱ्याचदा सगळ्यात स्वस्त पडतं. सेव्ह, म्हणजे खेळ कुठवर आला त्याची नोंद, डिस्कवर नसतो, कन्सोलवर असतो. त्याच प्रदेशाची तीच आवृत्ती आणली तर खेळ होता तिथून पुढे सुरू. पीएस४ आणि पीएस५वर गेम आत इन्स्टॉल झाला असला, तरी चालू करताना डिस्क लागतेच, तीच तुमच्या मालकीची खूण. विकत घेताना चमकणारी बाजू सगळेच बघतात. तुम्ही भोकाचा काठ बघा. उजेडाकडे धरून दोन्ही बाजूंनी एक पूर्ण फेरा फिरवा, मगच पैसे द्या. डबीचे दात तुटलेले किंवा फार घट्ट असतील तर घरी येताच डबी बदला.

डिजिटलला तडा जात नाही, हा त्याचा मोठा गुण, आणि लहान मुलांच्या घरात तो हलका नाही. पण १०० जीबीचा गेम ५० एमबीपीएसच्या लाइनवर उतरायला साडेचार तास लागतात, तेही लाइन पूर्ण वेग देत असेल तर. सत्तरी तालुक्याच्या आतल्या गावात पावसाळ्यात वीज जाते-येते, तिथे हे आधी विचारात घ्या. दुसरं, खेळून झालेला गेम विकता येत नाही की वाड्यातल्या मित्राला देता येत नाही. मोठा नवा गेम ५,००० रुपयांच्या आसपास असतो, त्यातले काही पैसे परत मिळणं आणि न मिळणं यात वर्षाचा फरक बराच होतो. दुकानंही बंद होतात: निन्टेन्डोने वी यू आणि ३डीएस या आपल्या जुन्या कन्सोलांवरची गेमविक्री २७ मार्च २०२३ला थांबवली, एक्सबॉक्स ३६०चं स्टोअर २९ जुलै २०२४ला बंद झालं. आधी घेतलेले गेम त्यानंतरही उतरवता येत होते, नवं घेणं मात्र संपलं. डिस्क म्हणजे कायमची हमी, असंही नाही. युबिसॉफ्ट कंपनीच्या 'द क्रू' या इंटरनेटशिवाय न चालणाऱ्या गेमचे सर्व्हर २०२४मध्ये बंद झाले, तेव्हा त्याच्या डिस्काही निकामी झाल्या.

घरात एकच खेळणारा, लाइन चांगली, गेम विकायची सवय नाही: डिजिटल घ्या, मागे वळून बघू नका. भावंडं, शेजारची मुलं, अदलाबदल चालत असेल तर डिस्कचा कन्सोल. मन ठरत नसेल तर २०२३च्या बारीक पीएस५च्या डिजिटल मॉडेलला ड्राइव्ह नंतर जोडता येतो. जोडताना एकदा इंटरनेट लागतं. तो सुटा ड्राइव्ह कितीला पडतो, हे मात्र पणजी-मडगावच्या दुकानात आधी विचारून घ्या. एक्सबॉक्स सिरीज एसला डिस्कची सोयच नाही.

ताईच्या घरात तीन मुलं आणि दारात आणखी चार. तिला मी डिस्कवालाच सांगितला. भाच्याला डबी उघडून दाखवली: एका बोटाने मधले दात खाली दाबायचे, डिस्क आपोआप वर उचलली जाते, मग कडेला धरायची. त्याने दहा वेळा करून दाखवलं. अकराव्यांदा धाकटीने हात घातला आणि कडेला धरून ओढली, तेव्हा तिला शिकवायला तो स्वतःच बसला.