टॉवर कूलर की लिक्विड? खाऱ्या हवेतल्या डेस्कटॉपसाठी

मे महिन्यात विदर्भात पारा ४५ अंशांकडे जातो, तेव्हा रत्नागिरी-मालवणात तो ३३-३४ च्या आसपास असतो. म्हणजे नुसतं तापमान बघितलं तर कोकणात प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या कूलरचं काम सोपं. इथे त्रास मिठाचा आहे. आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून ओलं होतं, आणि पावसाळ्यात आर्द्रता त्याच्या खाली क्वचितच येते. खिडकीच्या गजांचं जे होतं तेच कॅबिनेटमधल्या पिनांचं आणि स्क्रूंचं होतं. म्हणून इथे निवडताना कोण दोन अंश जास्त थंड ठेवतो हे नंतर बघा. बिघडल्यावर गावात दुरुस्त काय होतं, हे आधी.

टॉवर म्हणजे प्रोसेसरवर उभा राहणारा, धातूच्या पातळ पात्यांचा आणि फॅनचा कूलर. लिक्विडमध्ये पंप नळ्यांतून द्रव फिरवतो आणि रेडिएटर, म्हणजे फॅन लावलेली पातळ पात्यांची चौकट, तो थंड करतो. निवडताना पहिला आकडा प्रोसेसरच्या वॉटचा. रायझन ५ ७६०० हा प्रोसेसर ६५ वॉटचा म्हणवतो, जोर लावला की ८८ पर्यंत जातो. त्याला १२० मिमी फॅनचा, चार हीटपाइपचा (उष्णता पात्यांपर्यंत नेणाऱ्या नळ्यांचा) साधा टॉवर भरपूर झाला. लिक्विड घेणं म्हणजे निव्वळ हौस. दुसऱ्या टोकाला कोअर आय९ १४९००के, २५३ वॉटपर्यंत खाणारा. व्हिडिओ रेंडरिंगसारखं तासन् तास चालणारं काम असेल तर तिथे ३६० मिमीचा रेडिएटर शोभतो. मधल्या प्रोसेसरांना दोन फॅनचा ड्युअल टॉवर आणि २४० मिमी लिक्विड यांत फारसा फरक पडत नाही. टॉवर घेण्याआधी दोन मापं घ्या: कॅबिनेट किती उंचीचा कूलर मावून घेतं (बरेच टॉवर १५५ ते १६५ मिमी असतात) आणि रॅमच्या पट्ट्या फॅनला अडतात का.

आता बिघाड. टॉवरमध्ये हलणारी वस्तू एकच, फॅन. तो गेला तर चिपळूण-कुडाळच्या दुकानातला कुठलाही १२० मिमी फॅन तारेच्या क्लिपांनी बसतो. टॉवरच्या धातूच्या पात्यांवर पांढरी पूड धरली तरी टॉवर चालत राहतो. लिक्विडमध्ये पंप सीलबंद, नळ्यांमधून द्रव वर्षानुवर्षं किंचित उडत जातो आणि रेडिएटरच्या पातळ ॲल्युमिनियमला गंजून छिद्र पडलं तर खेळ संपला. पंप थांबला की प्रोसेसर ९५-१०० अंशांवर जाऊन स्वतःच मंदावतो. मग अख्खा संच बदलायचा. वॉरंटीत असला तरी पार्सल जाऊन येईपर्यंत मशीन बंद. लिक्विड घेणाऱ्याने एक स्वस्त टॉवर माळ्यावर ठेवावाच.

एक भीती मात्र सोडून द्या. लिक्विड कूलर थंड बाटलीसारखा घामेजत नाही, कारण त्यातलं पाणी खोलीपेक्षा थंड होऊच शकत नाही. घाम येतो तो वेगळ्या कारणाने: एसीने गार झालेल्या खोलीत मशीन बंद असतं आणि पावसाळी दमट हवेला दार उघडलं जातं. अशा वेळी अर्धा तास थांबून मग बटण दाबा.

रेडिएटर वरच्या बाजूला, हवा बाहेर फेकणारा लावा. पुढे लावला तर त्याची गरम हवा ग्राफिक्स कार्डावर येते. पुढेच लावावा लागला तर त्याचं वरचं टोक पंपापेक्षा उंच हवं. नाहीतर आतला हवेचा बुडबुडा पंपात शिरतो, गुळगुळ आवाज येतो आणि पंप लवकर जातो. पंपाची पिन मदरबोर्डवरच्या पंपासाठीच्या जागी पूर्ण वेगावर, फॅनची सीपीयू फॅनच्या जागी. ती जागा रिकामी राहिली तर बरेच बोर्ड सुरू होतानाच अडतात.

कूलर कुठलाही असो, कॅबिनेटचे फॅन त्याच्याइतकेच महत्त्वाचे, कारण २०० वॉटचं ग्राफिक्स कार्ड आपली बहुतेक उष्णता आतच सोडतं. टॉवर असेल तर पुढे दोन किंवा तीन फॅन हवा आत घेणारे, मागे एक बाहेर टाकणारा. वर आणखी एक हवाच असेल तर मागच्या कोपऱ्यात. वर पुढच्या बाजूला लावला तर तो ताजी हवा कूलरपर्यंत पोचण्याआधीच बाहेर ओढतो. फॅनच्या ज्या बाजूला मोटर धरणाऱ्या दांड्या दिसतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते. आत येणारी हवा थोडी जास्त ठेवा, म्हणजे ती धूळ अडवणाऱ्या जाळीतूनच येते आणि फटींतून जांभ्याची लाल धूळ शिरत नाही. मागच्या रिकाम्या स्लॉटच्या पट्ट्या काढून टाकू नका, पाली तिथूनच आत जातात.

जाळी महिन्याला धुवा, पूर्ण वाळवून लावा. पावसाळ्यात धूळ मिठाच्या ओलाव्याने चिखलासारखी चिकटते, नुसत्या ब्लोअरने निघत नाही. आधी मऊ ब्रश, मग ब्लोअर, आणि तेव्हा फॅनचं पातं बोटाने धरून ठेवा. मशीन समुद्राकडच्या खिडकीखाली नको. गणपतीपुरतंच उघडणाऱ्या घरात ते ठेवलं असेल, तर शेजारच्या कुणाला तरी आठवड्यातून दोनदा तासभर चालू करायला सांगा. आतली ऊब ओल धरू देत नाही.