मोबाइलमधली फाइल कॉम्प्युटरवर घ्यायची: क्विक शेअर, लोकलसेंड की एफटीपी?

दारव्हा-दिग्रसकडच्या गावात सेवा केंद्र चालवणाऱ्याला हे काम रोजचंच. गिऱ्हाइकाच्या मोबाइलमध्ये आधार, टीसी, सातबाऱ्याचे फोटो असतात आणि अर्ज कॉम्प्युटरवर भरायचा असतो. बहुतेक जण व्हॉट्सअ‍ॅपवर मागवतात. मग रेंज गेली की रांग थांबते. रेंज असली तरी साधा फोटो म्हणून पाठवलं की त्याचा दर्जा उतरतो आणि सातबाऱ्यावरचे बारीक आकडे वाचता येत नाहीत.

दोन्ही यंत्रं जवळ असताना फाइल नेटवर चढवायची गरजच नाही. कोणता मार्ग घ्यायचा, हे मोबाइल कोणाचा आहे त्यावर ठरवा.

गिऱ्हाइकाचा असेल तर क्विक शेअर, म्हणजे जवळच्या यंत्राला नेटशिवाय फाइल पाठवायची अँड्रॉइडची सोय. गुगलचं निअरबाय शेअर २०२४ च्या जानेवारीत सॅमसंगच्या क्विक शेअरमध्ये मिसळलं. अँड्रॉइड मोबाइलमध्ये ते बहुधा आधीच असतं, त्यामुळे म्हाताऱ्या माणसाच्या फोनमध्ये नवं अ‍ॅप टाकत बसावं लागत नाही. कॉम्प्युटरवर मात्र ६४ बिटचं विंडोज १० किंवा पुढचं, आणि वायफाय-ब्लूटूथ दोन्ही हवं. जुन्या डेस्कटॉपची गाडी इथेच अडते. आयफोनवाल्यालाही याचा उपयोग नाही.

मोबाइल तुमचाच असेल तर माझी पसंती निःसंशय लोकलसेंडला, म्हणजे एकाच राउटरवरच्या यंत्रांमध्ये फाइल पाठवणाऱ्या अ‍ॅपला. फुकट आहे, जाहिराती नाहीत, खातं उघडावं लागत नाही. विंडोज, लिनक्स, अँड्रॉइड, आयफोन सगळीकडे चालतं आणि फाइल एन्क्रिप्ट होऊन, म्हणजे मधल्या कोणाला वाचता येणार नाही अशी, जाते. डेस्कटॉपला वायफाय नसलं तरी चालतं: तो केबलने राउटरला जोडा, मोबाइल त्याच राउटरच्या वायफायवर ठेवा. लाईन जाऊन राउटर बंद पडला तर मोबाइलचा हॉटस्पॉट लावा, मोबाइल डेटा बंद करा आणि लॅपटॉप त्याला जोडा. सेकंदाला ५ एमबी वेग मिळाला तरी १ जीबीचं काम साडेतीन मिनिटांत होतं. अडचण एकच, अ‍ॅप दोन्हीकडे लागतं.

एफटीपी ही एका यंत्रातल्या फाइल दुसऱ्या यंत्रावरून उघडून घ्यायची जुनी पद्धत. लग्नाच्या फोटोंचं अख्खं फोल्डर उचलायचं आणि कॉम्प्युटरवर कोणतंही नवं अ‍ॅप टाकायचं नाही तेव्हाचा हा मार्ग. मोबाइलमधल्या बऱ्याच फाइल मॅनेजर अ‍ॅपमध्ये ही सोय असते. मोबाइलवर दिसणारा पत्ता विंडोजच्या फाइल एक्सप्लोररमध्ये टाका, ब्राउझरमध्ये नको. क्रोम आणि फायरफॉक्सने २०२१ मध्येच एफटीपी काढून टाकलं. साध्या एफटीपीत फाइल उघडीच जाते, म्हणून दहा जण वापरतात त्या वायफायवर कोणाचं आधार असं पाठवू नका.

शेअरइट, झेंडर कोणी सुचवलं तर ऐकू नका. २०२० च्या जूनमध्ये केंद्र सरकारने बंदी घातलेल्या ५९ अ‍ॅपमध्ये ती दोन्ही होती.

लोकलसेंडमध्ये समोरचं यंत्र दिसत नसेल तर विंडोजमध्ये ते वायफाय ‘पब्लिक’ वरून ‘प्रायव्हेट’ करा, आणि मोबाइल राउटरच्या गेस्ट नेटवर्कवर तर नाही ना, हेही पाहा.