खात्रीच्या भाड्याचं ऑफिस आणि बाबांचे २७ लाख

हिंजवडी, बाणेर, बालेवाडी किंवा खराडीत ऑफिसची जागा घ्या, ताबा मिळेपर्यंत दरमहा एक टक्का घरबसल्या मिळवा, पुढे नऊ वर्षांचं भाडं पक्कं. अशी जाहिरात तुमच्या घरात कुणाच्या मोबाईलवर आली असेल, आणि ती व्यक्ती नुकतीच निवृत्त झालेली असेल, तर हे त्यांना वाचून दाखवा. माझ्या वडिलांचे २७ लाख रुपये या योजनेत गेले. प्रकरण कोर्टात असल्यामुळे बिल्डरचं नाव लिहीत नाही. आणि हा प्रकार करणारा तो एकटाही नाही.

बाबा सांगली जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापक होते. २०१८ मध्ये निवृत्त झाले. ग्रॅच्युइटी, फंड आणि पेन्शन विकून आलेली रक्कम, सगळी एकदम हातात आली. मी हिंजवडीत नोकरीला. लेक जिथे रोज कामाला जाते तिथेच आपल्या मालकीचं एखादं ऑफिस असावं, हे त्यांना मनापासून आवडलं होतं. आईच्या माहेरच्या ओळखीतला एक मुलगा पुण्यात बिल्डरांचा चॅनल पार्टनर, म्हणजे कमिशनवर जागा विकणारा एजंट, म्हणून काम करायचा. तो घरी आला आणि म्हणाला, "काका, एफडीला किती, सात टक्के? फ्लॅट घेतलात तर भाडं अडीच-तीन टक्के, वर भाडेकरूची कटकट. इथे बारा टक्के, तेही पहिल्या महिन्यापासून. आयटी कंपन्या रांगेत उभ्या आहेत." हिंजवडीचं राजीव गांधी इन्फोटेक पार्क, होऊ घातलेली शिवाजीनगरपर्यंतची मेट्रो, आजूबाजूला उभे राहणारे टॉवर, हे सगळं खरंच होतं आणि डोळ्यांना दिसत होतं. त्यामुळे त्याच्या बाकीच्या बोलण्यालाही वजन आलं.

ऑफिस होतं चौथ्या मजल्यावर, नंबर ४१७, 'सेलेबल', म्हणजे जिना-लॉबीचा वाटा धरून, ३०० चौरस फूट, दर ९,००० रुपये. एकरकमी पैसे भरले तरच बारा टक्क्यांची योजना लागू. बाबांनी २७ लाख चेकने भरले. त्याबदल्यात कंपनीच्या लेटरहेडवर एक अलॉटमेंट लेटर आणि ५०० रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी केलेला सामंजस्य करार मिळाला. नोंदणी केलेला करारनामा कुठे आहे, असं बाबांनी विचारलं होतं. उत्तर आलं, "तो ताब्याच्या वेळी करू काका, आत्ता उगाच स्टॅम्प ड्युटी कशाला भरता?"

फसवणूक खरी इथे सुरू होते. रेरा, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणारा जो कायदा आहे, त्याच्या कलम १३ नुसार, नोंदणीकृत करारनामा केल्याशिवाय बिल्डरला एकूण किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेताच येत नाही. ऑफिस असो, दुकान असो की फ्लॅट, नियम तोच. २७ लाखांवर १० टक्के म्हणजे २ लाख ७० हजार. त्याच्या वरचा प्रत्येक रुपया त्यांनी कायदा मोडून घेतला, आणि स्टॅम्प ड्युटी वाचवतोय असं सांगून तो बाबांवरचा उपकार म्हणून दाखवला. नोंदणी झाली की सूची दोनमध्ये, म्हणजे नोंदणी कार्यालयातल्या व्यवहारांच्या यादीत, तुमचं नाव येतं आणि ती जागा दुसऱ्याला विकणं बिल्डरला जड जातं. म्हणूनच त्यांना ती नको असते.

सुरुवातीला पैसे अगदी वेळेवर यायचे. २७,००० मधून टीडीएस, म्हणजे देणाऱ्याने आधीच कापायचा आयकर, वजा करून दरमहा २४,३०० रुपये बाबांच्या खात्यात जमा व्हायचे. बाबा ते अभिमानाने सांगायचे. त्यांचं ऐकून त्यांच्या बरोबरीच्या दोन निवृत्त शिक्षकांनीही पैसे भरले. या योजनांचा जाहिरातीवरचा मोठा खर्च असा वाचतो: ज्याला हप्ता मिळतो तो स्वतःच चार लोकांना सांगतो, तेही प्रामाणिकपणे.

हे भाडं नव्हतं. इमारतीचं प्लास्टरही झालेलं नव्हतं, मग भाडं देणार कोण? त्याच रस्त्यावर तयार इमारतीतलं ऑफिस त्या वेळी साडेसहा हजारांच्या दराने मिळत होतं. माझ्या ऑफिसातल्या एकाच्या काकांनी तसं घेतलंही. बाबांकडून घेतले ९,०००. चौरस फुटाला अडीच हजार जास्त, म्हणजे ३०० फुटांचे साडेसात लाख. दरमहा २७,००० या हिशेबाने ते सव्वादोन वर्षांहून जास्त पुरतात. बाबांचेच पैसे आधी दरात वाढवून घेतले आणि मग भाडं म्हणून थोडे थोडे परत दिले. आणि तेवढेसुद्धा पूर्ण दिले नाहीत: २०२० च्या मार्चमध्ये लॉकडाउन लागला आणि हप्ते कायमचे थांबले. करारात दैवी आपत्तीचं एक कलम होतं, त्याचा हवाला देणारं एका पानाचं पत्र तेवढं आलं.

सगळ्यात महत्त्वाचा धागा आमच्या वकीलबाईंनी शोधला, आणि तो प्रत्येकाला घरबसल्या तपासता येतो. त्यांनी बाबांचा फॉर्म २६एएस मागवला. कुणी आपल्याला पैसे देताना टीडीएस कापला की त्याची नोंद त्यात कलमासकट येते. त्या वेळच्या आयकर कायद्यात भाड्यावरचा टीडीएस कापला जायचा १९४-आय या कलमाखाली. बाबांच्या फॉर्मवर दर महिन्यासमोर लिहिलं होतं १९४ए. हे कलम व्याजाचं होतं. दोन्हीकडे दर १० टक्केच, त्यामुळे खात्यात जमा होणाऱ्या रकमेवरून काहीच कळत नव्हतं. कंपनी बाबांना सांगत होती की तुम्ही ऑफिसचे मालक आहात आणि हे तुमचं भाडं आहे. आयकर खात्याला तीच कंपनी सांगत होती की या गृहस्थांनी आम्हाला पैसे उसने दिलेत आणि आम्ही त्यावर व्याज देतोय. तो कागद बघितला तेव्हा माझ्या हातापायातलं बळ गेलं. पहिल्या महिन्यापासून त्यांच्या हिशेबात ऑफिस नव्हतंच.

निर्बंध सैल झाल्यावर मी साइटवर गेले. लिफ्ट बसलेली नव्हती, जिन्याने चौथ्या मजल्यावर चढले. अख्खा मजला म्हणजे एक मोकळा हॉल, एकही भिंत नाही. काँक्रीटवर लाल ऑइलपेंटने चौकोन आखलेले आणि प्रत्येकात नंबर. ४१७ सापडला. जेमतेम पंधरा फूट बाय अकरा. म्हणजे १६५ चौरस फूट, आणि पैसे घेतले होते ३०० चे. त्यातही एका कोपऱ्यात इमारतीचा कॉलम उभा. रेरा आल्यापासून किंमत कार्पेट एरियावर, म्हणजे आतल्या प्रत्यक्ष वापरायच्या जागेवर, ठरवायची असते, 'सेलेबल'वर नव्हे. आमच्या कागदांवर कार्पेट हा शब्दच नव्हता. वॉचमन म्हणाला, "ताई, तुमच्यासारखी लय माणसं येत्यात बघायला. मोजून जात्यात."

अशा जागांना या धंद्यात 'नॉन-लॉकेबल' म्हणतात, म्हणजे जिला स्वतःचं दार नाही आणि कुलूप लावता येत नाही अशी जागा. हा शब्द ऐकू आला की पुढचं बोलणं तिथेच थांबवा. ज्या जागेच्या सीमा नकाशावर नाहीत, ती तुमची आहे हे तुम्ही कुणालाही दाखवू शकणार नाही.

घरी येऊन महारेराच्या, म्हणजे रेरा कायदा राबवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाचा नंबर टाकला. ब्रोशरवर छापलेला नंबर खोटा नव्हता, आणि बाबा त्यावरच निर्धास्त होते. पण नंबर खरा असणं पुरेसं नाही, आतली कागदपत्रं उघडावी लागतात. मंजूर नकाशा उघडला तर चौथ्या मजल्यावर एकच ऑफिस होतं, अख्खा मजला मिळून एक. ४१७ नावाचं काहीही कुठल्याही मंजूर कागदावर नव्हतं. त्याच पानावर हेही होतं की प्रकल्प एका वित्त कंपनीकडे गहाण आहे. बाबांना हे कुणी सांगितलं नव्हतं. मग नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्चवर गाव आणि सर्व्हे नंबर टाकून शोधलं, आणि सूची दोन समोर आली: २०१९ मध्ये चौथा मजला, पूर्णच्या पूर्ण, रीतसर नोंदणी करून एका कंपनीला विकलेला. म्हणजे बाबांच्या खात्यात 'भाडं' जमा होत होतं त्याच काळात. हे दोन्ही शोध कुणालाही घेता येतात. त्यासाठी ना वकील लागतो ना एजंट, एक संध्याकाळ पुरते.

तक्रारीच्या वाटाही सांगते, कारण त्या वेळी आम्हाला कुणी सांगणारं नव्हतं. जवळच्या पोलीस ठाण्यात पहिलं उत्तर मिळालं, "हे दिवाणी प्रकरण आहे." ते ऐकून बाबा गप्प झाले, पण ते खरं नाही. लोकांकडून ठरावीक परताव्याचं वचन देऊन पैसे घेतले आणि परत केले नाहीत, तर महाराष्ट्रात त्यासाठी ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा १९९९ चा स्वतंत्र कायदा आहे, एमपीआयडी. त्याखाली गुन्हा दाखल होतो, सक्षम प्राधिकारी नेमला जातो आणि कंपनीची व संचालकांची मालमत्ता जप्त करता येते. इथे तो १९४ए चा कागद फार कामाला आला. ही ठेव होती हे कंपनीने स्वतःच लिहून ठेवलं होतं. सगळे गुंतवणूकदार एकत्र आलो, प्रत्येकाचे २६एएस जोडले आणि आर्थिक गुन्हे शाखेकडे गेलो, तेव्हा कुठे गुन्हा नोंदला गेला.

महारेराकडेही तक्रार केली. फी ५,००० रुपये. बिल्डरच्या वकिलाने मुद्दा काढला की हे ग्राहकच नाहीत, परताव्यासाठी आलेले गुंतवणूकदार आहेत. कायद्यातल्या व्याख्येत असा काही अपवाद नाही, ज्याला जागा दिली किंवा विकली तो 'अलॉटी'. आमच्या बाजूने आदेश झाला: कलम १८ प्रमाणे पूर्ण रक्कम परत आणि वर व्याज, स्टेट बँकेचा सर्वाधिक एमसीएलआर (कर्जाच्या व्याजाचा मूळ दर) अधिक २ टक्के या दराने. बिल्डरने अपील केलं नाही, कारण आदेशातली रक्कम भरल्याशिवाय त्याचं अपील ऐकलंच जात नाही. त्याने पैसेही दिले नाहीत. मग वसुलीचं वॉरंट जिल्हाधिकारी कार्यालयाकडे गेलं, महसुली थकबाकीसारखी वसुली व्हावी म्हणून. पण ज्या मिळकतीवरून वसुली करायची ती आधीच गहाण आहे. आदेश हातात आहे, पैसे नाहीत. जप्त झालेल्या मालमत्तेतून काही मिळालं तर एमपीआयडी कोर्टातून मिळेल, अशी आशा आहे.

बाबांनी लग्नकार्याला जाणं कमी केलं आहे. त्या दोन शिक्षकांसमोर जायला त्यांना अवघड वाटतं, जरी त्यांच्यापैकी कुणीही त्यांना एका शब्दाने बोललेलं नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे. फसवणाऱ्याला हे आधीपासून ठाऊक असतं की माणसं शरमेपोटी गप्प बसतील, एकमेकांना सांगणार नाहीत, आणि तोपर्यंत दिवाणी दाव्याची तीन वर्षांची मुदत निघून जाईल. शरम वाटायची तर त्यांना वाटावी. तुमचे वडील, काका, मामा अशात सापडले असतील तर त्यांच्यावर चिडू नका, त्यांच्या शेजारी बसून कागद काढा.

तुम्हाला खरोखर वापरायला किंवा भाड्याने द्यायला ऑफिस घ्यायचं असेल तर शक्यतो भोगवटा प्रमाणपत्र मिळालेलं घ्या. त्यावर जीएसटी नाही, जागा डोळ्यांसमोर असते, आणि भाडेकरू असेल तर त्याचा नोंदणीकृत लीव्ह अँड लायसन्स करार मागता येतो. एखाद्या मोठ्या आयटी कंपनीचं 'इरादापत्र' दाखवतील. ते कुणालाही बांधील नसतं. इमारतीला आयटीसाठी जादा एफएसआय, म्हणजे जादा बांधकामाची परवानगी, मिळाला असेल तर तिथे वापराच्या अटी असतात, वकिली किंवा सीएचं ऑफिस थाटायचं असेल तर त्या आधी वाचा.

आणि ज्यांचे हप्ते अजून वेळेवर येत आहेत, त्यांच्यासाठी हे जास्त तातडीचं आहे. आजच आपला २६एएस उघडा आणि कलम बघा. नोंदणीकृत करारनामा करून द्या, मंजूर नकाशावरचा युनिट नंबर आणि कार्पेट एरिया त्यात लिहा, अशी लेखी मागणी स्पीड पोस्टाने करा. कंपनी चालू आहे, खात्यात पैसे आहेत, तोवरच या पत्राला किंमत आहे. हप्ते थांबले की ते तुम्हाला ऑफिसवर बोलावतील. आम्हालाही बोलावलं होतं. चहा देतील, अडचण समजावतील, आणि म्हणतील की ऑफिसच्या बदल्यात दुसऱ्या प्रकल्पात प्लॉट देतो, फक्त जुनं अलॉटमेंट लेटर आणि करार जमा करा आणि 'आता काही येणं बाकी नाही' यावर सही करा. बाबांच्या त्या दोन सहकाऱ्यांपैकी एकांनी सही केली. तो प्लॉट शेतजमिनीतला निघाला, बिनशेती न झालेला, आणि मूळ कागद हातात नसल्यामुळे त्यांची तक्रार उभी करायला आम्हाला बँकेच्या उताऱ्यांवरून सुरुवात करावी लागली. मूळ कागद कुणालाही देऊ नका. मागितले तर झेरॉक्स द्या आणि त्याचीही पोच घ्या.