कमळ की कुमुद? माळव्यातल्या तळ्यासाठी निवड करताना

इंदूरजवळ शेतात तळे असेल किंवा बंगल्याच्या आवारात हौद असेल, तर त्यात देशी फूल लावताना बहुतेकांना जवळच्याच गुलावट गावातली कमळे आठवतात. यशवंतसागर धरणाच्या फुगवट्यातला तो विस्तार देखणा आहेच. तरी तेवढ्यावरून निवड करणे घाईचे ठरेल.

कमळ आणि कुमुद (म्हणजे वॉटर लिली) या चिखलात कंद रोवून राहणाऱ्या दोन्ही वनस्पती इथल्याच आहेत. कमळाचे पान अखंड गोल असते आणि प्रौढ पाने पाण्याच्या वर उंच उभी राहतात. कुमुदाच्या पानाला देठापर्यंत चीर असते आणि ते पाण्यावर पसरते. या तरंगत्या पानांवरून कमळपक्षी आपल्या लांबलचक बोटांवर भार वाटून घेत चालतो, कीटक टिपतो आणि घरटेही तिथेच करतो. पान उलटून पाहिले, तर गोगलगायींच्या अंड्यांचे बुळबुळीत पुंजके चिकटलेले आढळतात.

फुलाच्या बाबतीत मात्र कमळ अद्भुत आहे. हवा १० अंशांपर्यंत उतरली तरी उमलत्या फुलाचे तापमान ३० ते ३६ अंशांच्या दरम्यान राहते. त्या उबेला येणारे भुंगेरे रात्री मिटलेल्या पाकळ्यांत मुक्काम करतात आणि परागकण अंगावर घेऊन बाहेर पडतात. पांढरे कुमुद संध्याकाळी उमलून सकाळी उशिरा मिटते, त्यामुळे दिवसभर घराबाहेर असणाऱ्यांनी ते निवडावे आणि दिवसा घरी असणाऱ्यांनी दिवसा फुलणारे निळे कुमुद.

खरी अडचण कमळाच्या पसरण्याची आहे. त्याचे कंद चिखलातून झपाट्याने धावतात आणि उथळ तळे पानांनी झाकून जाते. मग बुडालेल्या वनस्पतींना उजेड मिळत नाही आणि पाने कुजू लागली की पाण्यातला प्राणवायू घटून माशांचा जीव गुदमरतो. म्हणून लहान हौदासाठी माझे मत निःसंशय कुमुदाच्या बाजूने आहे. कमळ हवेच असेल, तर ते काळ्या मातीने भरलेल्या, तळाला छिद्र नसलेल्या रुंद कुंडीत लावावे. मोठे, मातीच्या तळाचे तळे असेल आणि पाण्यात उतरून कंद काढणारा माणूस मिळत असेल, तरच ते मोकळे सोडावे.

रोपवाटिकेत ‘वॉटर लिली’ या नावाखाली बरेचदा संकरित जाती मिळतात, तेव्हा देशी जात आवर्जून विचारून घ्यावी आणि मुळांत जलकुंभीचा (पाणी व्यापून टाकणाऱ्या जलपर्णीचा) अंकुर अडकलेला नाही हे तपासावे. इंदूरच्या सिरपूर तलावातून कंद उपटून आणणे मात्र टाळावे. २०२२ पासून तो रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे.